ब्रेक्झिट : कारणे, घटनाक्रम आणि परिणाम

ब्रिटनने ३१ जानेवारी २०२० रोजी रात्री ११ वाजता युरोपीय महासंघाचे सदस्यत्व सोडले आणि ४७ वर्षांचे नाते संपुष्टात आले. महासंघातून बाहेर पडणारा ब्रिटन हा पहिलाच सदस्य देश होय. त्यापूर्वी १९८५ मध्ये ग्रीनलँडने तत्कालीन युरोपीय समुदायाचा निरोप घेतला होता. परंतु ग्रीनलँड हा डेन्मार्कच्या अधिपत्याखालील स्वायत्त प्रदेश होता, स्वतंत्र सदस्य देश नव्हता. ‘ब्रिटन’ आणि ‘एक्झिट’ या शब्दांच्या जोडणीतून झालेला ‘ब्रेक्झिट’ हा शब्द आता जगभर रूढ झाला आहे.

सार्वमतापासून प्रत्यक्ष निर्गमनापर्यंत साडेतीन वर्षांहून अधिक काळ गेला. या काळात दोन पंतप्रधानांना पद सोडावे लागले, दोन सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने दोन महत्त्वाच्या खटल्यांत सरकारच्या विरोधात निकाल दिला. देशाचे कायदे देशातच व्हावेत, ही बाहेर पडू इच्छिणाऱ्या मतदारांची भावना समजण्यास कठीण नव्हती. मात्र सत्ता परत आणावयाची, तर तिच्याबरोबर सीमाही परत येते. आणि ती सीमा नेमकी कोठे आखावयाची, हे मतपत्रिकेवर लिहिलेले नव्हते. ब्रेक्झिटच्या वाटचालीतील बहुतेक पेचप्रसंगांचे मूळ या एका प्रश्नात आढळते.

उशिरा आलेला सदस्य

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात पुन्हा युद्ध होऊ नये, या हेतूने युरोपच्या एकीकरणास प्रारंभ झाला. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमां यांनी ९ मे १९५० रोजी मांडलेल्या प्रस्तावानुसार कोळसा आणि पोलाद या युद्धोपयोगी उद्योगांचे नियंत्रण एका सामाईक संस्थेकडे सोपविण्यात आले. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी १९५७ मध्ये रोम येथे करार करून युरोपीय आर्थिक समुदायाची स्थापना केली.

ब्रिटन तेव्हा या समुदायापासून दूर राहिला. राष्ट्रकुलातील देशांशी असलेला व्यापार आणि अमेरिकेशी असलेले विशेष संबंध त्यास अधिक महत्त्वाचे वाटत होते. काही वर्षांतच हे धोरण बदलले. हॅरल्ड मॅकमिलन यांच्या सरकारने १९६१ मध्ये आणि हॅरल्ड विल्सन यांच्या सरकारने १९६७ मध्ये सदस्यत्वासाठी अर्ज केला. परंतु फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गॉल यांनी दोन्ही वेळा नकार दिला. अखेर एडवर्ड हीथ पंतप्रधान असताना १ जानेवारी १९७३ रोजी आयर्लंड आणि डेन्मार्क यांच्यासमवेत ब्रिटनचा प्रवेश झाला.

प्रवेशानंतर अवघ्या अडीच वर्षांत, ५ जून १९७५ रोजी, सदस्यत्व कायम ठेवावे काय, या प्रश्नावर सार्वमत झाले. ६७ टक्के मतदारांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला. त्या वेळी विरोधाचा सूर प्रामुख्याने मजूर पक्षाच्या डाव्या गटातून उमटत होता, तर हुजूर पक्षाच्या नव्या नेत्या मार्गारेट थॅचर सदस्यत्वाच्या समर्थक होत्या. पुढील चाळीस वर्षांत हे चित्र जवळजवळ उलटे झाले.

असंतोषाची कारणे

ब्रिटनमधील नाराजीची कारणे अनेक होती आणि ती वेगवेगळ्या काळात निर्माण झाली. पहिले कारण आर्थिक होते. महासंघाच्या अंदाजपत्रकातील मोठा भाग शेतीच्या अनुदानावर खर्च होत असे. ब्रिटनमधील शेतीक्षेत्र तुलनेने लहान असल्याने त्यास मिळणारा लाभ कमी आणि द्यावी लागणारी वर्गणी अधिक होती. थॅचर यांनी १९८४ मध्ये फ्रान्समधील फोंतेनब्लो येथील बैठकीत वर्गणीत कायमस्वरूपी सूट मिळविली. परंतु आपण घेतो त्यापेक्षा अधिक देतो, ही जनभावना कायम राहिली.

दुसरे कारण सार्वभौमत्वाचे होते. ब्रिटनमध्ये एकत्रित लिखित राज्यघटना नाही. संसदेचे श्रेष्ठत्व हाच तेथील राज्यव्यवस्थेचा पाया आहे. युरोपीय कायदा देशाच्या कायद्याहून वरचढ मानला जाणे आणि त्याबाबतचा अंतिम निर्णय लक्झेंबर्ग येथील न्यायालयाने देणे, हे अनेकांना मान्य नव्हते. व्यापारी समुदायाचे रूपांतर राजकीय महासंघात करणाऱ्या १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारानंतर हा विरोध तीव्र झाला. त्याच वर्षी १६ सप्टेंबर रोजी पौंडाची घसरण रोखण्यात अपयश आल्याने ब्रिटनला युरोपीय विनिमय दर यंत्रणेतून माघार घ्यावी लागली. या नामुष्कीने हुजूर पक्षातील युरोपविरोधी गटास बळ मिळाले. युरो हे सामाईक चलन तसेच पारपत्र तपासणीविना प्रवासाची शेंगेन व्यवस्था या दोन्हींपासून ब्रिटन अखेरपर्यंत अलिप्तच राहिला.

तिसरे कारण स्थलांतराचे होते. १ मे २००४ रोजी दहा नवे देश महासंघात दाखल झाले. त्यांपैकी आठ देश पूर्व आणि मध्य युरोपातील होते. तेथील कामगारांना पहिल्याच दिवसापासून रोजगाराची मोकळीक देणारे केवळ तीन देश होते : ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन. परिणामी पोलंड, लिथुआनिया आदी देशांतून अपेक्षेहून कितीतरी अधिक लोक ब्रिटनमध्ये आले. शेती, बांधकाम, उपाहारगृहे आणि रुग्णालये यांना त्यांचा मोठा आधार झाला. परंतु ज्या लहान गावांत लोकसंख्या वेगाने बदलली, तेथे शाळा, दवाखाने आणि घरे यांवर ताण पडल्याची तक्रार वाढली. निव्वळ स्थलांतर वर्षाला एक लाखाच्या आत आणण्याचे आश्वासन हुजूर पक्षाने २०१० मध्ये दिले होते. २०१५ मध्ये प्रत्यक्ष आकडा तीन लाखांहून अधिक होता.

चौथे कारण देशांतर्गत विषमतेचे होते. जुने कारखाने बंद पडलेल्या उत्तर इंग्लंड आणि वेल्समधील भागांना लंडनच्या समृद्धीचा लाभ पोहोचला नव्हता. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर सरकारी खर्चात झालेली कपात याच भागांना अधिक जाचक ठरली. तेथील अनेक मतदारांनी ब्रुसेल्सच्या निमित्ताने लंडनविषयीचाही रोष व्यक्त केला, असे मत पुढे अनेक अभ्यासकांनी मांडले.

सार्वमताचा कौल

नायजेल फराज यांच्या नेतृत्वाखालील यूके इंडिपेंडन्स पक्षाचा वाढता प्रभाव आणि स्वपक्षातील बंडखोरी या दुहेरी दबावाखाली पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी २३ जानेवारी २०१३ रोजी सार्वमताचे आश्वासन दिले. २०१५ च्या निवडणुकीत हुजूर पक्षास स्पष्ट बहुमत मिळाल्याने ते पाळणे क्रमप्राप्त झाले. कॅमेरॉन स्वतः महासंघात राहण्याच्या बाजूचे होते.

दोन्ही बाजूंच्या प्रचारात अतिशयोक्ती झाली. ब्रिटन दर आठवड्याला ३५ कोटी पौंड ब्रुसेल्सला पाठवितो, हे विरोधी मोहिमेच्या बसगाडीवरील वाक्य वर्गणीतील सूट विचारात न घेणारे आणि म्हणून दिशाभूल करणारे असल्याचे अधिकृत सांख्यिकी प्राधिकरणाने स्पष्ट केले होते. दुसरीकडे, कौल विरोधात गेल्यास तत्काळ मंदी येईल, हे अर्थखात्याचे भाकीतही खरे ठरले नाही. मतदानाच्या आठवडाभर आधी, १६ जून रोजी, महासंघ समर्थक खासदार जो कॉक्स यांची हत्या झाल्याने देश हादरला.

२३ जून २०१६ रोजी ७२ टक्के मतदारांनी मतदान केले. बाहेर पडण्याच्या बाजूने १ कोटी ७४ लाख, म्हणजे ५१.९ टक्के, तर राहण्याच्या बाजूने १ कोटी ६१ लाख, म्हणजे ४८.१ टक्के मते पडली. या आकड्यांमागे एक खोल दुही होती. इंग्लंड आणि वेल्सने बाहेर पडण्याचा, तर स्कॉटलंडने ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्के मतांनी राहण्याचा कौल दिला. लंडन महानगर राहण्याच्या बाजूने होते. लिंकनशायरमधील बोस्टन या शेतीप्रधान भागात, जेथे पूर्व युरोपातील कामगारांची संख्या मोठी होती, ७५ टक्क्यांहून अधिक मते बाहेर पडण्याच्या बाजूने होती. युरोपला मोटारी निर्यात करणारा निस्सानचा कारखाना ज्या संडरलंडमध्ये आहे, तेथेही हाच कौल मिळाला. सर्वसाधारणपणे वयस्कर मतदारांचा कल बाहेर पडण्याकडे आणि तरुणांचा राहण्याकडे होता.

दुसऱ्या दिवशी कॅमेरॉन यांनी राजीनामा जाहीर केला. पौंडाचे डॉलरच्या तुलनेतील मूल्य १९८५ नंतरच्या नीचांकावर गेले.

बाहेर पडणे म्हणजे काय?

महासंघ सोडण्याची तरतूद २००९ मध्ये अमलात आलेल्या लिस्बन कराराच्या कलम ५० मध्ये आहे. त्यानुसार बाहेर पडू इच्छिणाऱ्या देशाने सूचना दिल्यापासून दोन वर्षांत अटी ठरवावयाच्या असतात. नव्या पंतप्रधान थेरेसा मे यांना ही सूचना संसदेच्या संमतीविना देता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये दिला. संसदेची संमती घेऊन २९ मार्च २०१७ रोजी सूचना देण्यात आली.

त्यानंतर खरा वाद सुरू झाला. तो समजून घेण्यासाठी दोन संज्ञा लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिली सीमाशुल्क संघाची. या संघातील देश परस्परांच्या मालावर सीमाशुल्क आकारत नाहीत आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सर्वजण एकाच दराने शुल्क आकारतात. त्यामुळे माल एकदा संघात आला की तो पुढे कोठेही अडविण्याचे कारण उरत नाही. मात्र अशा संघातील देशास अन्य देशांशी शुल्कासंबंधी स्वतंत्र करार करता येत नाही.

दुसरी संज्ञा एकसंध बाजारपेठेची. येथे केवळ शुल्क नव्हे, तर वस्तूंची मानके, औषधांची परवानगी, अन्नसुरक्षेचे नियम आणि सेवांचे परवानेही समान असतात. माल, सेवा, भांडवल आणि माणसे या चारही घटकांना संचाराचे स्वातंत्र्य असते आणि त्यांपैकी सोयीचे तेवढेच निवडता येत नाही. भारतात वस्तू व सेवा कर लागू होण्यापूर्वी राज्यांच्या सीमांवरील तपासणी नाक्यांपुढे लागणाऱ्या मालमोटारींच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना नाका नसण्याचे मोल सहज कळेल.

माणसांच्या मुक्त संचारास नकार दिला की एकसंध बाजारपेठ सोडणे भाग होते. स्वतंत्र व्यापार करार हवे असतील, तर सीमाशुल्क संघही सोडणे भाग होते. आणि दोन्ही सोडल्यास तपासणीची सीमा अटळ होती. बहुतेक ठिकाणी ही सीमा समुद्रात होती. एका ठिकाणी मात्र ती जमिनीवर होती.

आयर्लंडची सीमा

उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग असून त्याच्या दक्षिणेस महासंघाचा सदस्य असलेले आयर्लंडचे प्रजासत्ताक आहे. दोहोंमधील सीमा सुमारे ५०० किलोमीटर लांबीची असून २०० हून अधिक रस्ते ती ओलांडतात. काही शेते आणि घरेही या रेषेने विभागली आहेत. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून सुमारे तीस वर्षे चाललेल्या सशस्त्र संघर्षात ३,५०० हून अधिक लोकांचा बळी गेला. त्या काळात या सीमेवर लष्करी चौक्या आणि टेहळणी मनोरे होते. १० एप्रिल १९९८ च्या ‘गुड फ्रायडे’ करारानंतर ते हटविण्यात आले. दोन्ही देश एकाच बाजारपेठेचे सदस्य असल्याने मालाच्या तपासणीचीही गरज उरली नव्हती. ज्यांना आयर्लंडचे एकीकरण हवे होते, त्यांना सीमा जाणवत नव्हती. ज्यांना ब्रिटनमध्ये राहावयाचे होते, त्यांना ती नकाशावर दिसत होती. शांतता या संतुलनावर उभी होती.

ब्रेक्झिटमुळे हे संतुलन धोक्यात आले. जमिनीवर नाके उभारल्यास जुन्या जखमा उघड्या पडण्याची भीती होती. समुद्रात तपासणी ठेवल्यास उत्तर आयर्लंड उर्वरित ब्रिटनपासून वेगळा पडणार होता. मे यांनी अन्य व्यवस्था होईपर्यंत संपूर्ण ब्रिटनला सीमाशुल्क संघाशी बांधून ठेवण्याची तरतूद मान्य केली. त्यांच्याच पक्षातील कट्टर गटास हे अमान्य होते. १५ जानेवारी २०१९ रोजी हाऊस ऑफ कॉमन्सने हा करार २०२ विरुद्ध ४३२ मतांनी फेटाळला. आधुनिक काळात कोणत्याही ब्रिटिश सरकारचा संसदेत एवढा मोठा पराभव झालेला नव्हता. करार आणखी दोनदा नामंजूर झाला आणि मे यांनी पद सोडले.

२४ जुलै २०१९ रोजी पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांनी संसद स्थगित केली. सर्वोच्च न्यायालयाने ही स्थगिती एकमताने बेकायदा ठरविली. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये त्यांनी नवा करार केला. त्यात तपासणीची रेषा आयरिश समुद्रात ठेवण्यात आली. १२ डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत हुजूर पक्षास ८० जागांचे मताधिक्य मिळाले आणि निर्गमनाचा मार्ग मोकळा झाला.

समुद्रातील तपासणीविरुद्ध उत्तर आयर्लंडमधील ब्रिटनवादी पक्षांनी तीव्र नाराजी व्यक्त केली. डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाने फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रांतिक सरकारातून अंग काढून घेतल्याने तेथील सत्तावाटपाची व्यवस्था दोन वर्षे ठप्प झाली. ऋषी सुनक यांच्या सरकारने २७ फेब्रुवारी २०२३ रोजी महासंघाशी ‘विंडसर आराखडा’ ठरविला. त्यानुसार उत्तर आयर्लंडमध्येच विकल्या जाणाऱ्या मालासाठी सुलभ आणि पुढे प्रजासत्ताकात जाऊ शकणाऱ्या मालासाठी पूर्ण तपासणीची वेगळी मार्गिका निश्चित झाली. ३ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रांतिक सरकार पुन्हा स्थापन झाले. आयर्लंडच्या एकीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या शिन फेन पक्षाच्या मिशेल ओनील तेथील फर्स्ट मिनिस्टर झाल्या. एकीकरणवादी पक्षाकडे हे पद प्रथमच आले.

आर्थिक परिणाम

संक्रमणकाळ संपण्यास आठवडाभर उरला असताना, २४ डिसेंबर २०२० रोजी, उभयपक्षी व्यापार करार झाला. त्यानुसार ठरावीक अटींत बसणाऱ्या मालावर शुल्क किंवा कोट्याचे बंधन नाही. मात्र माल मूळचा कोणत्या देशातला, हे सिद्ध करणारी कागदपत्रे, सीमाशुल्क घोषणापत्रे आणि प्राणिजन्य पदार्थांसाठी पशुवैद्यकीय प्रमाणपत्रे आवश्यक ठरली. मोठ्या कंपन्यांनी त्यासाठी स्वतंत्र कर्मचारी नेमले; लहान व्यावसायिकांना एका खोक्यासाठीही तेवढीच कागदपत्रे भरावी लागत असल्याने त्यांपैकी अनेकांनी युरोपातील विक्री थांबविली. ब्रिटनने स्वतःच्या बाजूची तपासणी अनेकदा लांबणीवर टाकली. ती २०२४ मध्ये टप्प्याटप्प्याने सुरू झाली.

वित्तीय क्षेत्रात एका परवान्यावर संपूर्ण महासंघात व्यवसाय करण्याचा लंडनमधील बँकांचा अधिकार संपला. काही व्यवसाय पॅरिस, फ्रँकफर्ट, डब्लिन आणि ॲम्स्टरडॅम येथे गेला. युरोपीय औषध संस्था तर २०१९ मध्येच लंडनहून ॲम्स्टरडॅमला हलली होती. असे असले तरी लंडनने युरोपातील सर्वांत मोठे वित्तीय केंद्र हे स्थान टिकवून ठेवले.

अर्थव्यवस्थेवरील एकूण परिणाम मोजणे सोपे नाही, कारण करोनाची साथ आणि युक्रेन युद्धानंतरची इंधन दरवाढ याच काळात आली. ब्रिटनच्या अर्थसंकल्पीय उत्तरदायित्व कार्यालयाच्या अंदाजानुसार, सदस्यत्व कायम राहिले असते त्या तुलनेत देशाची उत्पादकता दीर्घकाळात सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील. म्हणजे अर्थव्यवस्था कोसळली नाही. ती वाढू शकली असती त्यापेक्षा कमी वाढली. असा तोटा डोळ्यांना दिसत नाही, पण तो दरवर्षी सोसावा लागतो.

समर्थक दुसरी बाजू मांडतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्याशी झालेले करार २०२३ मध्ये अमलात आले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटन प्रशांत महासागरीय व्यापार गटात सामील झाला. अमेरिकेने २०२५ मध्ये आयातशुल्क वाढविले, तेव्हा ब्रिटनच्या मालावर साधारणपणे १० टक्के, तर महासंघाच्या मालावर १५ टक्के दर ठरला. करोना लशीला सर्वप्रथम मिळालेल्या मान्यतेचाही उल्लेख केला जातो. मात्र २ डिसेंबर २०२० रोजी ती मान्यता देण्यात आली, तेव्हा संक्रमणकाळामुळे ब्रिटनला युरोपीय नियमच लागू होते आणि त्यांतील आणीबाणीच्या तरतुदीनुसारच ती दिली गेली होती.

स्थलांतर आणि भारत

१ जानेवारी २०२१ पासून युरोपीय नागरिकांचा मुक्त प्रवेश बंद झाला आणि सर्व देशांसाठी गुणांवर आधारित पद्धत लागू झाली. आधीपासून राहणाऱ्या युरोपीय नागरिकांना वास्तव्याचा हक्क टिकविण्यासाठी अर्ज करावे लागले. ५० लाखांहून अधिक व्यक्तींना असा हक्क मिळाला. पुढे जे घडले, ते बाहेर पडण्याच्या बाजूने मत देणाऱ्या अनेकांना अनपेक्षित होते. निव्वळ स्थलांतर कमी होण्याऐवजी २०२३ च्या सुमारास ९ लाखांच्या पुढे गेले आणि नियम कडक झाल्यावर मग ते झपाट्याने घटले. युरोपातून येणाऱ्यांची जागा भारत, नायजेरिया आदी देशांतील विद्यार्थी, परिचारिका आणि शुश्रूषा कर्मचाऱ्यांनी घेतली होती.

भारताशी व्यापाराचा प्रश्नही नव्याने मांडला गेला. अनेक भारतीय कंपन्या ब्रिटनकडे युरोपचे प्रवेशद्वार म्हणून पाहत असत. मुंबईस्थित टाटा समूहाच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरसारख्या कंपनीचे सुटे भाग युरोपातून येतात आणि मोटारी युरोपला जातात. त्यामुळे सीमेवरील विलंब हा तिच्यासाठी थेट खर्चाचा विषय होता. दुसरीकडे, महासंघाबाहेर पडल्यानेच ब्रिटनला भारताशी स्वतंत्र व्यापार करार करता आला. त्यावर २४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या. महासंघाशी भारताच्या वाटाघाटी २००७ पासून, खंडित स्वरूपात, सुरू होत्या. त्या पूर्ण झाल्याची घोषणा जानेवारी २०२६ मध्ये करण्यात आली.

या साऱ्या घडामोडींचा सर्वांत व्यक्तिगत परिणाम गोव्यातील काही कुटुंबांनी अनुभवला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यापूर्वी तेथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढील दोन पिढ्यांना पोर्तुगालच्या कायद्यानुसार त्या देशाचे नागरिकत्व मिळविता येते. पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपीय समुदायाचा सदस्य झाल्याने या पारपत्रावर व्हिसाविना ब्रिटनमध्ये राहणे आणि काम करणे शक्य झाले. हजारो गोमंतकीय स्विंडन, साउथॉल आणि वेम्ब्ली येथे स्थायिक झाले. भारतात दुहेरी नागरिकत्वास मान्यता नसल्याने त्यासाठी त्यांना भारतीय नागरिकत्व सोडावे लागले होते. ३१ डिसेंबर २०२० पूर्वी ब्रिटनमध्ये पोहोचलेल्यांना वास्तव्याचा हक्क मिळण्याची सोय होती. त्यानंतर निघालेल्या धाकट्या भावंडांसाठी मात्र तेच पारपत्र लिस्बन, पॅरिस किंवा डब्लिनपर्यंत पुरते. लंडनमध्ये कामासाठी त्यांना इतरांप्रमाणेच व्हिसा घ्यावा लागतो. एकाच घरातील दोन भावंडांमध्ये सीमा आली, ती केवळ एका तारखेमुळे.

राजकीय परिणाम

ब्रिटनच्या अंतर्गत ऐक्यावरही या निर्णयाचा ताण पडला. स्कॉटलंडने २०१४ च्या सार्वमतात ५५ टक्के मतांनी ब्रिटनमध्ये राहण्याचा कौल दिला होता. आपल्या इच्छेविरुद्ध महासंघाबाहेर पडावे लागल्याने परिस्थिती बदलली आहे, असे म्हणत तेथील सरकारने दुसऱ्या सार्वमताची मागणी केली. मात्र लंडनच्या संमतीविना ते घेता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला.

महासंघाने दुसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था आणि एक प्रबळ लष्करी सत्ता गमावली. युरोपीय संसदेतील सदस्यसंख्या ७५१ वरून ७०५ वर आली. परंतु ब्रिटनपाठोपाठ इतर देशही बाहेर पडतील, ही शंका खरी ठरली नाही. ब्रिटनमधील गोंधळ पाहून फ्रान्स आणि इटलीतील युरोपविरोधी पक्षांनीही बाहेर पडण्याची भाषा सोडून आतून बदल घडविण्याची भूमिका घेतली.

पुढील वाटचाल

२०२२ नंतरच्या बहुतेक जनमत चाचण्यांत, बाहेर पडण्याचा निर्णय चुकीचा होता, असे मानणाऱ्यांची संख्या अधिक आढळली. तरीही जुलै २०२४ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाने आपल्या जाहीरनाम्यात एकसंध बाजारपेठ, सीमाशुल्क संघ किंवा मुक्त संचार यांकडे परतण्याची शक्यता फेटाळली होती. त्याऐवजी संबंध टप्प्याटप्प्याने सुधारण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला. ब्रिटन १ जानेवारी २०२४ पासून ‘होरायझन’ या युरोपीय संशोधन कार्यक्रमात पुन्हा सहभागी झालाच होता. १९ मे २०२५ रोजी लंडन येथील शिखर परिषदेत संरक्षण भागीदारीवर सहमती झाली, अन्नपदार्थांवरील तपासणी कमी करणारा करार करण्याचे ठरले आणि युरोपीय मच्छीमारांना ब्रिटनच्या सागरी हद्दीत २०३८ पर्यंत प्रवेश देण्यात आला. त्यानंतर जूनमध्ये जिब्राल्टर आणि स्पेन यांच्यातील जमिनीवरील तपासणी हटविण्याबाबतही सहमती झाली. त्यानुसार ही तपासणी जिब्राल्टरचा विमानतळ आणि बंदर येथे होईल.

या प्रत्येक तडजोडीचे स्वरूप सारखे आहे. तपासणी हलकी व्हावी, यासाठी ब्रिटन काही युरोपीय नियम पुन्हा स्वीकारतो. मात्र ते नियम ठरविण्याच्या बैठकीत आता त्याला मत नाही. नियमांवरचा ताबा आणि बाजारपेठेतील प्रवेश यांपैकी काय किती घ्यावयाचे, हा २०१६ चा प्रश्न अजूनही तोच आहे, केवळ त्याचे तुकडे लहान झाले आहेत.

उत्तर आयर्लंडमध्ये तर तो कायद्यानेच खुला ठेवण्यात आला आहे. समुद्रातील तपासणीची व्यवस्था चालू ठेवावी काय, हे ठरविण्याचा अधिकार तेथील विधानसभेस आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी ती ४८ विरुद्ध ३६ मतांनी चालू ठेवण्यात आली. दोन्ही समाजांच्या प्रतिनिधींचा पाठिंबा न मिळाल्याने ही मुदत आठऐवजी चार वर्षांची ठरली असून सीमेविषयीचे पुढील मतदान २०२८ मध्ये अपेक्षित आहे.